पाहुण्यांना घेऊन कामोल्यीत एक दिवस: सकाळच्या गाडीपासून रात्रीच्या फोकाच्चापर्यंत

माझं माहेर मालवणचं, आणि गेली काही वर्षं संसार इटलीतल्या जेनोव्हा शहरात. एप्रिल संपत आला की मित्रमैत्रिणींचे फोन सुरू होतात. "आम्ही युरोपला येतोय, रोम-व्हेनिस झाल्यावर दोन दिवस तुझ्याकडे." त्या दोन दिवसांतला एक मी समुद्राकाठच्या एकाच गावासाठी राखून ठेवते. ते गाव म्हणजे कामोल्यी. इटालियनमध्ये लिहिताना त्यात 'ग' असतो, म्हणून फलक वाचून पाहुणे 'कामोग्ली' म्हणतात. म्हणताना तो 'ग' गिळायचा.

जवळपास प्रत्येक जण आधी चिंक्वे तेर्रेचं नाव काढतो. पाच गावं, फोटो पाहिलेले असतात, नाही म्हणणं जड जातं. मी सुरुवातीला दोन वेळा नेलं. दोन्ही वेळा दिवसाचा मोठा भाग फलाटावर, गर्दीच्या गाडीत आणि "आता पुढचं गाव कुठलं" या प्रश्नात गेला. ज्यांच्याशी चार वर्षांनी बोलायला मिळणार होतं त्यांच्याशी बोलणं झालंच नाही. तेव्हापासून एक दिवस आणि एकच गाव. गप्पांना जागा राहिली पाहिजे आणि संध्याकाळी पाय भरून आलेले असले तरी मन शांत हवं. तुम्ही इटलीत राहत असाल आणि घरी पाहुणे येणार असतील, किंवा तुम्हीच पाहुणे असाल, तर हा बेत जसाच्या तसा वापरा.

दिवस कुठला निवडायचा

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर सर्वांत चांगले. पाणी पोहण्याजोगं असतं, होड्या नियमित असतात आणि बसायला जागा मिळते. ऑगस्टमध्ये सगळी इटली समुद्रावर असते. त्यातही १५ ऑगस्टच्या, म्हणजे फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आसपास पाहुण्यांना घेऊन मुळीच जाऊ नका. शनिवार-रविवार टाळता आला तर अर्धं काम झालं.

दोन दिवस मात्र गर्दी असूनही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मेच्या दुसऱ्या रविवारी इथे माशांची जत्रा भरते. १९५२ पासून चालत आलेली ही जत्रा. बंदरात प्रचंड आकाराच्या कढईत मासे तळून लोकांना वाटतात. मासे खाणारे, गर्दीत रमणारे पाहुणे असतील तर जरूर न्या, पण त्या दिवशी निवांतपणा मिळणार नाही हे आधी सांगा. दुसरा दिवस ऑगस्टचा पहिला रविवार, 'स्तेल्ला मारिस'चा. सकाळी सजवलेल्या होड्या पुंता कियाप्पा या खडकाच्या टोकाला जातात आणि अंधार पडला की पाण्यावर हजारो दिवे सोडतात. काठावर बसून ते पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर जो भाव माणसांच्या चेहऱ्यावर दिसतो, तोच मी इथे पाहिला आहे. त्या रात्री परतीच्या गाड्यांना गर्दी उसळते, तेव्हा शक्य असेल तर मुक्काम करा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे लिगुरिया प्रांतातले मोठ्या पावसाचे महिने. हवामानाचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा दिलेला असेल तर बेत सरळ पुढे ढकला. डोंगर थेट समुद्रात उतरणारा हा मुलूख आहे, पाऊस इथे ओढ्यांना फार लवकर फुगवतो.

आदल्या रात्री करायची कामं

पहिलं काम कागदाचं, आणि ते बहुतेकांना माहीतच नसतं. युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा तुमच्या घरी उतरला, तर यजमानाने ४८ तासांच्या आत पोलिसांकडे तशी लेखी सूचना द्यावी लागते. तिला 'दिकियाराझ्योने दि ओस्पितालिता' म्हणतात. पाहुणे हॉटेलात उतरले तर हे काम हॉटेल करतं. घरी उतरले तर पासपोर्टची प्रत घेऊन तुम्हीच करा, आणि गावाला जाण्याच्या आधी उरकून टाका.

दुसरं काम होडीच्या वेळापत्रकाचं. कामोल्यीहून सान फ्रुत्तुओझो नावाच्या खाडीपर्यंत प्रवासी होड्या जातात, आणि आपल्या दिवसाचा कणा हीच फेरी आहे. ऋतूप्रमाणे फेऱ्या बदलतात, तेव्हा जुन्या फोटोवर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी ताजं वेळापत्रक पाहा आणि त्यातली परतीची शेवटची फेरी कागदावर लिहून ठेवा. सोबत समुद्राचा अंदाजही बघा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला इथे 'लिबेच्चो' म्हणतात. तो सुटला की आकाश निळं असतानाही लाटा मोठ्या होतात आणि होड्या बंद राहतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांना सांगावं लागतं.

तिसरं काम जेवणाचं. पाहुण्यांना स्पष्ट विचारा: मासे चालतात का, अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, मद्य चालतं का. संकोचाने लोक सांगत नाहीत आणि मग ताटासमोर बसून अवघडतात. उत्तरं कळली की दुपारच्या जेवणासाठी एक-सव्वा वाजताचं टेबल फोन करून ठरवा. इथली स्वयंपाकघरं दुपारी साधारण साडेबारा ते अडीच चालतात. मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. तीन वाजता भूक लागली तर गरम जेवण मिळणं अवघड, हे भारतातून आलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही.

पिशवीत काय घ्यायचं ते थोडक्यात. पोहायचे कपडे आणि टॉवेल. पाण्यात चालणारे रबरी बूट, कारण किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. टोपी. रिकामी पाण्याची बाटली. देवळात जायचं म्हणून खांदे झाकायला एक ओढणी. होडीत वारा लागतो म्हणून प्रत्येकी एक पातळ जॅकेट. खाण्याचे डबे मात्र घेऊ नका. पाहुण्यांना पोहे-थेपल्यांची सवय असते हे खरं, पण या गावाची अर्धी ओळख त्याच्या भटारखान्यातच होते.

गाडी

मोटार घेऊन जाऊ नका. गावात गाडी लावायला जागा फार थोडी आहे. निळ्या पट्ट्यांची जागा पैसे देऊन वापरायची असते, पिवळी आपल्यासाठी नसते आणि पांढरी मोकळी सापडत नाही. त्यापेक्षा जेनोव्हाच्या ब्रिन्योले स्थानकावरून निघणारी साधी प्रादेशिक रेल्वे घ्या. पाऊण तासाच्या आत तुम्ही कामोल्यीत असता. स्थानकाचं पूर्ण नाव 'कामोल्यी-सान फ्रुत्तुओझो' आहे. ते वाचून सान फ्रुत्तुओझो स्थानकाजवळच असेल असा समज होतो, पण तिथे रेल्वे जात नाही आणि मोटाररस्ताही नाही.

तिकिटाच्या बाबतीत सावध राहा. कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचं गाडी सुटण्याआधी 'चेक-इन' करावं लागतं. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो. माझ्या एका पाहुण्याला असा दंड झाला आणि बिचारा दुपारपर्यंत खट्टू होता. तेव्हापासून सगळ्यांची तिकिटं मीच काढते आणि शिक्केही मीच मारते.

जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसवा. समुद्र त्या बाजूला आहे. मध्येमध्ये बोगदे लागतात आणि प्रत्येक बोगद्यानंतर निळं पाणी अचानक समोर येतं.

मी साडेआठच्या सुमारास गावात पोहोचेन अशी गाडी धरते. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसांना पहाटेच जाग येते, त्याचा फायदा घ्यायचा.

सकाळ: फोकाच्चा आणि कॉफी

स्थानकाबाहेर पडून पायऱ्यांनी खाली उतरलं की आपण समुद्राकाठच्या पायरस्त्यावर येतो. उतरतानाच भटारखान्याचा वास येतो. फोकाच्चा हा या किनाऱ्याचा जाड, मऊ, ऑलिव्ह तेलाने ओलसर पाव. वर बोटांनी पाडलेले खळगे आणि त्यांत साचलेलं मीठ-तेल. स्थानिक बोलीत त्याला 'फुगास्सा' म्हणतात. तो वजनावर विकतात आणि माप असतं 'एत्तो', म्हणजे १०० ग्रॅम. चार माणसांना न्याहारीपुरता चार एत्ती सांगा. इथली माणसं खारा फोकाच्चा कापुचिनोत बुडवून खातात. पाहुणे आधी नाक मुरडतात. चहात बुडवलेल्या खारी-बटरची आठवण करून दिली की लगेच हात पुढे होतो.

कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, बसून घेतली तर तीच महाग. इटलीभर हीच रीत आहे. पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर चार पैसे जास्त द्या आणि समुद्रासमोर बसा. कापुचिनो सकाळीच मागवा, कारण जेवणानंतर इथे दूध घातलेली कॉफी कोणी पीत नाही.

गाव पायी पाहा, आणि खिडक्या मोजा

होडीला तास-दीड तास असतो. तेवढ्यात गाव फिरून होतं, कारण वस्ती जेमतेम पाच हजारांची आहे.

किनाऱ्याला लागून सहा-सहा, सात-सात मजली अरुंद घरं खेटून उभी आहेत. पिवळी, भगवी, गुलाबी, विटकरी. त्यांच्या भिंतींकडे नीट पाहायला सांगा. कित्येक खिडक्या, त्यांच्या चौकटी, नक्षी, कोनाडे, सगळं रंगवलेलं आहे, प्रत्यक्षात तिथे सपाट भिंत आहे. मुलं बरोबर असतील तर खरी खिडकी कुठली आणि चितारलेली कुठली हा खेळ लावून द्या. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या दोन मुलांनी या खेळात मोबाइल विसरून अर्धा तास काढला. समुद्रावरून परतणाऱ्या खलाशाला आपलं घर लांबून ओळखता यावं म्हणून घरं अशी रंगवली, असं इथले लोक सांगतात. गावाच्या नावाचा उगमही ते असाच सांगतात: 'का मोल्यी', बायकांचं घर. पुरुष सगळे दर्यावर, गाव बायकांनी सांभाळलेलं. भाषेचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानोत न मानोत, एकोणिसाव्या शतकात हे गाव शिडाच्या जहाजांसाठी भूमध्य समुद्रात प्रसिद्ध होतं. 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' ही त्याची ओळख आजही सांगतात. गावकरी जहाजमालकांनी एकत्र येऊन आपापसात जहाजांचा विमाही उभा केला होता.

पायरस्त्याच्या टोकाला खडकावर सांता मारिया अस्सुंता हे मोठं देऊळ आणि त्याच्या अंगाला ड्रागोनारा किल्ला. हा भाग पूर्वी बेटच होता. देवळाच्या आतली सोन्याची नक्षी पाहा, पण सकाळची प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. तिथून कमानीखालून पलीकडे उतरलं की बंदर. जाळी वाळत घातलेली असतात, मांजरं असतात, एखादा म्हातारा जाळं शिवत बसलेला असतो. इथे पाहुण्यांना दहा मिनिटं तरी काही न सांगता सोडा.

वेळ उरला तर, आणि माझ्या मते वेळ काढूनच, स्थानकाच्या वरच्या अंगाला असलेल्या बोस्केत्तोच्या देवळात जा. १५१८ साली इथे एका मुलीला मारियामातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. देवळाच्या ओवऱ्यांमध्ये खलाशांनी वाहिलेली चित्रं लावली आहेत. वादळात सापडलेलं जहाज, मोडलेली डोलकाठी, वर कोपऱ्यात ढगातून पाहणारी माता. वाचलो तर तुझ्या चरणी चित्र वाहीन, असा बोललेला नवस आणि तो फेडल्याची ही खूण. 'नवस' हा शब्द उच्चारला की मराठी पाहुण्याला पुढचं काही समजावून द्यावं लागत नाही. काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या आई तिथे एकेका चित्रापुढे हात जोडत गेल्या. त्या दिवसातली माझ्या सर्वांत जवळची आठवण तीच आहे.

होडी आणि सान फ्रुत्तुओझो

दहाच्या आसपासची होडी धरा. प्रवास अर्ध्या तासाचा. होडी डोंगराच्या कडेकडेने जाते, मध्ये पुंता कियाप्पाला थांबते.

बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात पाण्यावर तरंगत्या खुणांची रांग दिसते. ते 'तोन्नारेल्ला', म्हणजे ट्यूना आणि तिच्या जातीचे मासे धरण्यासाठी समुद्रात उभं केलेलं जाळं. एप्रिल ते सप्टेंबर ते पाण्यात असतं आणि सतराव्या शतकापासून त्याच्या नोंदी आहेत. इटलीत असली जाळी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पण मला जे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले ते असं: हे जाळं नारळाच्या काथ्याचं असतं. दर हिवाळ्यात कोळी ते हाताने विणतात. काथ्या असल्यामुळे समुद्रात राहिलं तरी ते कुजून जातं, नायलॉनसारखं माशांच्या गळ्याला फास बनून राहत नाही. ज्या काथ्याचं सुंभ आमच्या अंगणात वळलं जायचं, तो इथे भूमध्य समुद्रात मासे धरतोय. कोकणातून आलेल्या पाहुण्यांना ही गोष्ट होडीतच सांगा, जाळ्याच्या खुणा दिसत असताना.

सान फ्रुत्तुओझो म्हणजे डोंगराच्या कुशीतली छोटी खाडी, आणि तिच्या काठाशी हजार वर्षांहून जुना मठ. जमिनीवरून इथे फक्त पायवाटा येतात. मठ एकेकाळी जेनोव्हाच्या डोरिया घराण्याच्या आश्रयाखाली होता. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या त्यांच्या समाध्या आत आहेत, पांढऱ्या संगमरवराच्या आणि करड्या दगडाच्या आळीपाळीच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. वरच्या अंगाला १५६२ सालचा टेहळणी बुरूज आहे, समुद्री चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. १९८३ मध्ये घराण्याच्या वारसांनी हे सगळं इटलीचा वारसा जपणाऱ्या 'फाई' या संस्थेला देऊन टाकलं. आत जायला तिकीट आहे, आणि ते काढण्याजोगं आहे. सगळं नीट बघायला पाऊण तास पुरतो.

मठासमोरचा किनारा आज आहे तसा पूर्वी नव्हता. पूर्वी समुद्र मठाच्या कमानींपर्यंत येई. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये डोंगरातून पुराचा लोंढा आला, त्याने मठाचा काही भाग पाडला आणि आणलेल्या दगडमातीने किनारा तयार झाला. तुम्ही टॉवेल अंथरता ती जागा म्हणजे त्या पुराची रास आहे.

या खाडीच्या पाण्यात सुमारे १७ मीटर खोलीवर हात वर पसरून उभा असलेला ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा आहे. उंची सुमारे अडीच मीटर. ग्विदो गाल्लेत्ती या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९५४ मध्ये पाण्यात उतरवला. १९४७ साली याच पाण्यात दारिओ गोन्झात्ती हा पाणबुड्या मृत्युमुखी पडला होता. पुतळ्याच्या धातूसाठी लोकांनी पदकं आणि जहाजांच्या घंटा दिल्या होत्या. प्रत्यक्ष पाहायला पाणबुड्याचं प्रशिक्षण लागतं. न पोहणाऱ्यांनी हिरमुसू नये म्हणून सांगते: मठाजवळच्या छोट्या देवळात त्याची प्रतिकृती ठेवली आहे.

आता काळजीची गोष्ट. होडीतून उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या माणसाला विचारा, "दुपारच्या फेऱ्या नक्की आहेत ना?" एका वर्षी आम्ही दुपारच्या होडीने इथे आलो. चारच्या सुमारास वारा फिरला, फेऱ्या थांबल्या आणि गुडघेदुखीचं माणूस बरोबर असताना मला डोंगर चढून परतण्याचा विचार करावा लागला. नशिबाने संध्याकाळी एक होडी आली. पण ते दोन तास मी विसरले नाही. म्हणून सान फ्रुत्तुओझो नेहमी सकाळी करा, आणि साडेबाराच्या आसपासच्या होडीने परत फिरा. जेवण कामोल्यीत.

चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट

पाहुणे सह्याद्रीत भटकणारे असतील तर त्यांना होडीत बसवून ठेवणं अन्याय आहे. त्यांच्यासाठी असं करा. सकाळी कामोल्यीहून पायऱ्या-पायऱ्यांनी सान रोक्कोच्या देवळापर्यंत चढा. उंची सुमारे २२० मीटर, वेळ पाऊण ते एक तास. देवळासमोरच्या चौकातून सगळं आखात दिसतं. दर १६ ऑगस्टला इथे इमानी कुत्र्यांना पारितोषिक देतात, १९६२ पासून. तिथून डोंगराच्या आतल्या अंगाने, पिएत्रे स्त्रेत्ते या नाक्यावरून सान फ्रुत्तुओझोला उतरायचं आणि होडीने परत यायचं. दुसरी एक वाट समुद्राच्या कड्यावरून, जुन्या तोफखान्याजवळून जाते. तिच्यावर साखळ्या धरून पार करायचे टप्पे आहेत. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेल्यांना ती जमेल, पण चपला-सँडलवर, मुलांना घेऊन किंवा पावसानंतर तिच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येकी किमान दीड लिटर पाणी घ्या.

गुडघे दुखणाऱ्यांना सान रोक्कोला न्यायचं असेल तर स्थानिक बस जाते.

जेवण

मेज अडवल्याचे म्हणून माणशी दोन-तीन युरो बिलात लागतात, त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. त्यावर वाद घालू नका. बक्षिशी सक्तीची नाही.

मासे खाणाऱ्यांसाठी काय मागवायचं हे ठरवणं सोपं आहे: आंचोव्ही. त्यांना इथे 'आच्चूगे' म्हणतात. लिंबात मुरवलेल्या, तळलेल्या किंवा सारण भरलेल्या, कशाही घ्या. ताज्या असतात. आमच्याकडच्या मोतक्यांची चव आठवते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी लिगुरिया हा इटलीतला सर्वांत उदार प्रांत आहे, असं मी ठामपणे म्हणेन. पान्सोती हे रानभाज्या आणि चीज भरलेले करंजीसारखे तुकडे, वर अक्रोडाची पांढरी घट्ट चटणी. त्रोफिये म्हणजे पिळदार पास्ता, पेस्तो या बेझिलच्या पानांच्या चटणीत घोळवलेला, त्यात बटाटा आणि फरसबी. एकाच ताटात पास्ता आणि बटाटा पाहून काही जण हसतात, पण पहिल्या घासानंतर थांबतात. आणि शेजारच्या रेक्को गावाचा चीज भरलेला फोकाच्चा. यात खमीर नसतं. कागदासारखे पातळ दोन थर, मध्ये वितळलेलं क्रेशेंत्सा चीज. २०१५ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. नेहमीच्या फोकाच्चाशी त्याचं नावापलीकडे फारसं नातं नाही, दोन्ही खाऊ घाला.

काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांना एक गोष्ट लपवू नका. पेस्तोतल्या पार्मेझानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. कुणाला चालतं, कुणाला नाही. ठरवायचं त्यांनी, सांगायचं आपण. कांदा-लसूणही नको असेल तर पेस्तो बाद होतो, कारण त्यात लसूण असतोच. अशा वेळी साधा फोकाच्चा आणि संध्याकाळी फारिनाता हा भरवशाचा पर्याय. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. जाड धिरडंच म्हणा. फक्त वर कांदा नको असं आधी सांगा. मागवताना म्हणायचं वाक्य चिठ्ठीवर लिहून द्या: "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे", म्हणजे मांस नको, मासा नको. नुसतं 'वेजेतारियानो' म्हटलं तर एखाद्या वेळी रश्शात आंचोव्ही निघते.

गोडाला 'कामोल्येझी' घ्या, चॉकलेटच्या कवचात मऊ सारण भरलेली गावाची खास मिठाई. मूळ प्रकारात रम असते. मद्य न घेणारे आणि मुलं बरोबर असतील तर दुकानात विचारून बिनरमची घ्या.

दुपार: किनाऱ्यावर

दोनच्या पुढे दुकानं बंद, गाव झोपलेलं. आपणही तेच करायचं. किनाऱ्याचा काही भाग छत्र्या-खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांकडे आहे, काही भाग मोकळा. मोठी माणसं असतील तर खुर्च्या घ्या. गोट्यांवर दोन तास बसणं पाठीला सोसत नाही.

लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. किनारा चटकन खोल होतो, म्हणून पोहता न येणाऱ्याने कमरेच्या पुढे जाऊ नये. विहिरीत, तलावात पोहलेल्या धडधाकट माणसालाही हे ठामपणे सांगा. समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५३० आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२, दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. मुलांनी गोळा केलेले सुंदर गोटे परत ठेवायला लावा. इटलीत किनाऱ्यावरचे दगड-वाळू नेणं कायद्याने मना आहे. आणि गल्लीत शिरताना ओल्या पोहण्याच्या कपड्यांवर काहीतरी घाला. बऱ्याच किनारी गावांत याला दंड आहे. दंड नसला तरी ते लोकांचं राहतं घर आहे.

या दोन-तीन तासांत काहीही ठरवू नका. सगळ्यात चांगल्या गप्पा इथेच होतात. गावाकडे कोण कसं आहे, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या आईचं काय झालं, हे सगळं पाण्यात पाय सोडून बोललं जातं.

संध्याकाळ

या किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांमध्ये सूर्य डोंगराआड जातो. कामोल्यीचं तोंड पश्चिमेकडे आहे, म्हणून इथे तो पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. जूनमध्ये हे रात्री नऊनंतर घडतं, याची पाहुण्यांना कल्पना द्या, नाहीतर ते सात वाजता फोटोच्या तयारीने उभे राहतात. सप्टेंबरच्या मध्याला साडेसातच्या सुमारास.

तोवर माणसं नटूनथटून पायरस्त्यावर फेऱ्या मारायला येतात. तुम्हीही कपडे बदलून त्यांच्यात मिसळा. बंदराच्या बाजूला एखाद्या ठिकाणी बसा. मद्य घेणाऱ्यांना इथली पांढरी वेर्मेंतिनो वाइन, न घेणाऱ्यांना किनोत्तो हे कडसर-गोड सरबतासारखं शीतपेय, सोबत ऑलिव्ह आणि खारे दाणे. पोट दुपारचं भरलेलं असतं, म्हणून रात्री पुन्हा मोठं जेवण घेऊ नका. फारिनाताचे दोन-दोन तुकडे पुरतात.

पुन्हा त्याच पायऱ्या चढून स्थानकावर जायचं आहे, त्यासाठी वीस मिनिटं हातात ठेवा. म्हातारी माणसं आणि झोपाळलेली मुलं असतील तर अर्धा तास. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा.

आणि भटारखाना बंद व्हायच्या आत घरासाठी अर्धा किलो फोकाच्चा कागदात बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चिवट होतो. जाड तवा मंद आचेवर तापवा, फोकाच्चा पालथा ठेवा, वर पाण्याचा एक हबका मारून झाकण घाला. तीन मिनिटांत खालचं कवच कुरकुरीत होतं. विमानतळावर निघालेल्या पाहुण्यांच्या हाती मी तेच गरम तुकडे देते.